आवडलीस, आवडलास

गेल्या जूनमध्ये डोंबिवलीच्या आमच्या वाचनगटात मी एका इंग्रजी कवितेचा अनुवाद वाचून दाखवला. बाहेर धो धो पाऊस होता, आठ-नऊ जणच आले होते. मी नेहमीप्रमाणे सगळ्यांसाठी झेरॉक्स काढून नेल्या होत्या. ए. ई. हाउसमन या कवीची सोळा ओळींची कविता. एकाला दुसरा फार आवडला, पुरुषानं बोलून दाखवू नये इतका. दुसऱ्याला ते खटकलं. पहिल्यानं शब्द दिला, हा विचार मी टाकून देतो. मग दोघांनी आपल्यामधे सगळं जग आडवं घातलं आणि कोरडा निरोप घेतला. ‘विसर मला.’ ‘विसरेन, काळजी नको.’ शेवटी पहिला सांगतो, कधी माझ्या थडग्यावरून जाणं झालंच तर जरा थांब आणि म्हण, ज्या पोरानं माझ्यावर जीव लावला तो शब्दाला जागला.

माझ्या अनुवादाची पहिली ओळ अशी होती: ‘तू मला जरा जास्तच आवडलीस.’

इंग्रजीत तिथं नुसतं ‘यू’ आहे. ते ‘यू’ बाई आहे की पुरुष, हे व्याकरण विचारत नाही. त्या एका शब्दाच्या आड एक माणूस आयुष्यभर उभा राहू शकतो, आणि हाउसमन राहिला. मराठीत मात्र क्रियापद लगेच पत्ता सांगतं. आलास की आलीस, गेलास की गेलीस, आवडलास की आवडलीस. एका काना-वेलांटीचा फरक, पण तो केल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. मला ठरवावं लागलं आणि मी ‘लीस’ लिहिलं. कविता कुणासाठी लिहिली आहे हे मला पक्कं ठाऊक असताना लिहिलं.

सगळ्यांना कविता आवडली. एक जण म्हणाली, किती हळवं आहे. मी मान डोलावली आणि वही पिशवीत टाकली. घरी येऊन दिवा मालवला तरी झोप लागेना. हे मी आधीही केलेलं होतं.

१९८६ साली आम्ही गिरगावात चाळीत राहायचो. कॉलेजातला माझा सगळ्यात जवळचा मित्र नोकरीसाठी मस्कतला गेला. सहार विमानतळावर मी सोडायला गेलो होतो. त्याचे आईवडील, भाऊ, मामा, शेजारी, आणि सगळ्यात मागे मी. रात्री रोजनिशीत लिहिलं: ‘ती आज गेली. मस्कत.’ ताईच्या हाती वही लागली तर, म्हणून ‘ती’. वही ताईच्याच हाती लागली. तिनं आईला सांगितलं. पुढे कित्येक वर्षं आमच्या घरात अशी समजूत होती की मला एक मुलगी आवडत होती आणि ती आखातात निघून गेली. आई एकदा भाजी निवडता निवडता हळूच म्हणाली, ‘एकटी एवढ्या लांब गेली, नर्स होती का रे?’ मी ‘हो’ म्हणालो. आईनं त्या न जन्मलेल्या मुलीबद्दल खरोखर हळहळ केली. ती हळहळ माझ्या वाट्याची होती, आणि ती माझ्यापर्यंत पोचली ती चुकीच्या पत्त्यावरून.

म्हणून त्या जूनच्या रात्रीनंतर मी विक्टोरियन काळातल्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या, हाउसमनसारख्या मंडळींबद्दल जमेल ते वाचत सुटलो. कोण कसं लपलं, यापेक्षा मला विचारायचं होतं, खोडरबर कुणाच्या हातात होता?

पहिला हात सापडला तो इटलीत, आणि विक्टोरिया राणीच्या जन्माच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीचा. मायकेलअँजेलोच्या सुनीतांमधली काही फार सुंदर सुनीतं तोम्मासो दे काव्हालिएरी या तरुणासाठी लिहिलेली आहेत. १६२३ साली मायकेलअँजेलोच्या पुतण्याच्या मुलानं ही कविता पहिल्यांदा पुस्तकरूपानं छापली. छापताना यानं जिथं जिथं ‘तो’ होता तिथं ‘ती’ केलं. जवळजवळ अडीचशे वर्षं जगानं तीच कविता वाचली. मूळ हस्तलिखितांवरून शुद्ध पाठ निघाला तो १८६३ मध्ये, आणि १८७८ मध्ये त्या पाठाचं इंग्रजी करताना जॉन अॅडिंग्टन सायमंड्स या विद्वानानं झालेला फेरफार वाचकांसमोर स्पष्ट मांडला.

त्या पणतुतण्यानं (नात्याला दुसरा शब्द मला सापडत नाही) द्वेषानं हे केलं असं मला वाटत नाही. घराण्याचं नाव, थोरल्या काकाची कीर्ती, चर्चची भीती. प्रेमानंच केलं असावं. ‘ती आज गेली’ लिहिताना माझ्याही मनात आईची काळजी होतीच.

सायमंड्सला हा फेरफार दिसला, कारण तो स्वतः त्याच फेरफारात जगत होता. सतरा वर्षांचा असताना लंडनमध्ये एका रात्री तो प्लेटो वाचायला बसला आणि उजाडेपर्यंत उठला नाही. प्रेमाबद्दलचे ते दोन संवाद वाचताना त्याला वाटलं, आपल्याच मनातलं कुणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी बोलून ठेवलंय. त्या काळच्या सुखवस्तू घरांतल्या मुलांना ग्रीक शिकवलं जायचं ते संस्कृतीसाठी. शाळेनं किल्ली हातात द्यायची आणि दार उघडलं की मारायचं, असा तो प्रकार होता. पुढे १८६४ मध्ये त्यानं लग्न केलं, चार मुली झाल्या. प्राचीन ग्रीकांमधल्या पुरुषा-पुरुषांतल्या प्रेमावर त्यानं एक निबंध लिहिला आणि १८८३ मध्ये खाजगीत छापून घेतला, किती प्रती, तर दहा. १८९१ मध्ये आपल्या काळातल्या याच प्रश्नावर दुसरा निबंध, त्याच्या पन्नास. आपल्याकडे कवितासंग्रहाच्या तीनशे प्रती निघाल्या तर आपण हळहळतो. इथं एक माणूस दहा प्रती काढून त्या कुणाच्या हाती द्यायच्या याची मोजदाद करत बसला होता. एवढ्याशा कागदांवर एक सबंध समाज उभा होता: पत्रं, हस्तलिखितं, सह्या नसलेले निबंध, ‘वाचून परत करा’.

वॉल्ट व्हिटमन या अमेरिकन कवीला तो वर्षानुवर्षं पत्रांतून एकच प्रश्न विचारत राहिला. तुमच्या कवितेतलं मित्रप्रेम म्हणजे मी समजतो तेच ना? १८९० च्या ऑगस्टमध्ये म्हाताऱ्या व्हिटमननं तो अर्थ झटकून टाकला आणि वर लिहिलं की मला सहा मुलं आहेत. त्या सहांपैकी एकही कुणाला कधी सापडलं नाही. मला त्या पत्रातल्या व्हिटमनचा राग येत नाही. ‘नर्स होती का रे?’ला मी ‘हो’ म्हणालो होतो.

सायमंड्सनं आत्मचरित्र लिहिलं, स्वतःबद्दल काहीही न लपवता, आणि १८९३ मध्ये तो रोमला वारला. कागद गेले मित्राकडे, होरेशिओ ब्राउनकडे. १९२६ मध्ये ब्राउन वारल्यावर पेटी लंडन लायब्ररीत आली. तिथं एडमंड गॉस या नामवंत समीक्षकानं ग्रंथपालाच्या साथीनं आत्मचरित्र तेवढं बाजूला काढलं, पन्नास वर्षं छापायचं नाही अशी अट घातली, आणि बाकी सगळं बागेत जाळून टाकलं. सायमंड्सच्या नातीला त्यानं हे मोठ्या समाधानानं सांगितलं. तिला किळस आली.

हा गॉस कोण होता? १८९० मध्ये सायमंड्सचा निबंध वाचून यानंच त्याला लिहिलं होतं की तुम्ही म्हणता तो एकटेपणा, ते बंड, ती निराशा, सगळं मला ठाऊक आहे. म्हणजे ज्याला पत्रातली ओळ न ओळ कळत होती त्यानंच काडी लावली. हे वाचून मी पुस्तक मिटवलं आणि बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो. पोलिसांनी जाळलं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

पण पोलिसही होतेच, आणि त्यांच्याबद्दल न बोलणं अन्यायाचं होईल. कारण गॉसची भीती आकाशातून पडलेली नव्हती.

१८३५ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण लंडनमध्ये विल्यम बोनेल या म्हाताऱ्याच्या भाड्याच्या खोलीत जेम्स प्रॅट आणि जॉन स्मिथ हे दोन गरीब पुरुष भेटले. घरमालकाला संशय. तो आधी बाहेरून उंचावर चढून खिडकीतून डोकावला, मग खाली येऊन दाराच्या किल्लीच्या भोकाला डोळा लावला, मग बायकोला बोलावून तिलाही पाहायला लावलं. मग दार फोडलं. बोनेल तेवढ्यात बाहेरून आला, हातात बिअरचं भांडं. खटला उभा राहिला. ज्या दंडाधिकाऱ्यानं प्रकरण पुढे पाठवलं, त्या हेन्स्ली वेजवूडनंच नंतर सरकारला दयेचं पत्र लिहिलं. त्यातला मुद्दा वाचून मी चमकलो. तो म्हणतो की या गुन्ह्यात कुणाचंही नुकसान होत नाही. शिवाय श्रीमंतही हाच गुन्हा करतात, पण थोडा पैसा खर्चून त्यांना असा आडोसा करता येतो की ते कधी सापडत नाहीत. म्हणजे फाशी होती ती आडोसा नसल्याबद्दल. २७ नोव्हेंबर १८३५ ला न्यूगेट तुरुंगाबाहेर प्रॅट आणि स्मिथला फासावर चढवलं. इंग्लंडमध्ये या आरोपाखाली दिलेली ती शेवटची फाशी. बोनेलला काळ्या पाण्यावर धाडलं, ऑस्ट्रेलियाच्या बाजूला. तो परत आला नाही.

फाशीच्या काही आठवडे आधी तेवीस वर्षांचा एक वार्ताहर न्यूगेट बघायला गेला होता. नाव चार्ल्स डिकन्स. त्यानं त्या भेटीवर लिहिलेल्या लेखात हे दोघे दिसतात. नाव नाही, गुन्हा काय तेही नाही. तिसऱ्या कैद्याला माफीची आशा आहे, या दोघांना नाही. पहारेकरी कुजबुजतो, ते दोघे बुटके, ती मेलेलीच माणसं. मराठीत आणतानाही ते वाक्य अंगावर येतं. विक्टोरियन साहित्यातल्या सगळ्यात मोठ्या लेखकानं त्यांना पाहिलं, आणि त्याच्या पानावर ते निनावी उभे राहिले.

किल्लीच्या भोकाची गोष्ट मी आणखी एका कारणानं विसरू शकत नाही. आमच्या चाळीत दिवसा कुणाचंच दार लागलेलं नसे. पडदा असायचा, दार उघडं. भर दुपारी दार लोटलेलं दिसलं की समोरच्या काकू विचारणारच, ‘काय गं, बरं नाही का कुणाला?’ त्यात वाईट हेतू नसायचा. पण मस्कतला जायच्या आधीच्या दोन वर्षांत मी आणि माझा मित्र, आम्ही दोघे लागलेल्या दाराआड एकमेकांशी मिळून किती वेळ बोललो असू? मी हिशोब केलाय. एक दुपार. घरचे सगळे लग्नाला गेले होते. आम्ही दार लावलं, आणि समोरच्या काकूंनी पाच मिनिटांत कडी वाजवली, दूध उतू गेल्याचा वास येतोय म्हणून. खरंच उतू गेलं होतं.

लंडनमध्येही ज्याला जमेल तो दार शोधत होता. भाड्याच्या खोल्या, हॉटेलं, क्लब, नाटकाचे बॉक्स. १८६१ मध्ये फाशी जाऊन तिथं जन्मठेप आली. १८८५ मध्ये पार्लमेंटात एका रात्री उशिरा, सभागृह जवळजवळ रिकामं असताना, लाबूशेर नावाच्या सभासदाच्या सूचनेवरून मुलींच्या संरक्षणाच्या कायद्यात एक कलम घुसडलं गेलं: पुरुषा-पुरुषांतलं कोणतंही ‘घोर असभ्य’ वर्तन, सार्वजनिक ठिकाणी असो की खाजगीत, दोन वर्षांपर्यंत कैद. असभ्य म्हणजे नेमकं काय, हे लिहिलंच नाही. ‘खाजगीत’ या एका शब्दानं लागलेलं दारही सरकारजमा केलं. लोक या कलमाला खंडणीखोरांची सनद म्हणू लागले, कारण आता एक चिठ्ठी हाती लागली तरी एखाद्याला जन्मभर पिळता येत होतं.

दहा वर्षांनी नाटककार ऑस्कर वाइल्डबरोबर आल्फ्रेड टेलर नावाच्या माणसावरही खटला चालला, तेव्हा सरकार पक्षानं कोर्टात कशावर भर दिला असेल? टेलरच्या लिटल कॉलेज स्ट्रीटवरच्या खोल्यांचे पडदे दिवसासुद्धा ओढलेले असत, आत दिवे लावलेले असत, आणि अत्तराचा वास येई. पडदा हाच पुरावा. टेलरला वाइल्डविरुद्ध साक्ष देऊन सुटता आलं असतं. त्यानं नाही म्हटलं. त्यालाही वाइल्डइतकीच, दोन वर्षं सक्तमजुरी झाली. वाइल्डवर ग्रंथालयं भरलीत. टेलरचं नाव तरी आपण घ्यावं असं मला वाटतं.

वाइल्डबद्दल मी इथं थोडक्यातच लिहिणार आहे, कारण त्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: १४ फेब्रुवारी १८९५ ला त्याच्या सगळ्यात गाजलेल्या नाटकाचा पहिला प्रयोग, २५ मेला शिक्षा. त्याच्या कादंबरीतले परिच्छेद कोर्टात आरोपासारखे वाचले गेले. एका तरुण मित्राच्या कवितेतली, स्वतःचं नाव उच्चारायला न धजणाऱ्या प्रेमाची ओळही त्याला विचारली गेली. आणि त्यानं भर कोर्टात त्या प्रेमाची बाजू मांडली. प्लेटो आणला, मायकेलअँजेलोची सुनीतं आणली. पणतुतण्यानं ‘ती’ केलेली तीच सुनीतं.

सगळं असंच करुण होतं असं मात्र नाही. अर्नेस्ट बोल्टन आणि फ्रेडरिक पार्क या दोघांची गोष्ट वाचताना मला कितीतरी दिवसांनी मोकळं वाटलं. बोल्टन बावीस-तेवीसचा, गोड गळ्याचा. पार्क वकिलीची उमेदवारी करणारा, बाप न्यायखात्यात बड्या हुद्द्यावर. मित्रांत एकाचं नाव स्टेला, दुसऱ्याचं फॅनी. रेशमी झगे, केसांचे गंगावन, दागिने ठेवायला वेकफील्ड स्ट्रीटला खोली. तिथं कपडे बदलायचे आणि नाटकाला, बोटींच्या शर्यतीला, नाचाला जायचं. लॉर्ड आर्थर क्लिंटन हा खासदार स्टेलाच्या प्रेमात होता. ‘लेडी आर्थर क्लिंटन’ अशी भेटीची कार्डं तिच्यासाठी छापून घेतली होती. ही मंडळी एकमेकांना सर्रास ‘ती’ म्हणायची. आणि हे ‘ती’ माझ्या ‘ती’सारखं नव्हतं. माझं ‘ती’ हे कडीकुलूप होतं. त्यांचं ‘ती’ म्हणजे उघडी खिडकी.

२८ एप्रिल १८७० च्या रात्री स्ट्रँड थिएटरबाहेर दोघांना पकडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रीच्याच झग्यांत बो स्ट्रीटच्या कोर्टात उभं केलं, बाहेर ही गर्दी. क्लिंटन जूनमध्येच वारला. मे १८७१ मध्ये वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटला चालला तेव्हा बोल्टनच्या आईनं साक्ष दिली. पोर सहा वर्षांचं असल्यापासून मुलींचे कपडे घालून नाटकं करतो. एकदा मोलकरणीच्या वेषात आजीला जेवण वाढलं, आजीनं ओळखलं नाही. आई अभिमानानं सांगत होती. त्या दालनात ‘माझं लेकरू असंच आहे’ म्हणणारी ती एकटीच बाई. माझ्या आईला मी ही संधीच दिली नाही, असं हल्ली वाटतं.

कोर्टात पत्रं वाचली गेली. एडिंबराला अमेरिकेचा वाणिज्यदूत म्हणून असलेल्या जॉन फिस्कनं बोल्टनला लिहिलं होतं की माझ्याकडे तुझे अकरा फोटो आहेत, ते मी पुन्हा पुन्हा पाहतो, आणि तुझ्या चार चिठ्ठ्या आहेत, त्या मी पाकिटात घालून मोहोर लावून ठेवल्यात. अकरा आणि चार. ज्याच्याकडे काही नसतं तोच असं मोजतो. माझ्याकडे मस्कतहून आलेली सात निळी पत्रं आहेत. फिस्कची नोकरी गेली. पण ज्यूरीनं ५३ मिनिटांत बोल्टन आणि पार्कला निर्दोष सोडलं, आणि कोर्टात टाळ्या पडल्या. बोल्टन पुढे पुन्हा रंगभूमीवर उभा राहिला.

एक गोष्ट मात्र लिहिलीच पाहिजे. या काळाबद्दल लिहिताना सगळंच हळुवार करून टाकायचा मोह होतो. १८८९ मध्ये क्लीव्हलँड स्ट्रीटच्या एका घराचा बभ्रा झाला. तिथं तारखात्यात निरोप पोचवणारी कोवळी पोरं पैशासाठी आणली जात होती. त्यात अडकलेले बडे लोक देश सोडून सुटले, निरोप पोचवणारी पोरं अडकली. त्याला मी प्रेम म्हणणार नाही. पण वर्तमानपत्रांनी ते आणि फिस्कचे अकरा फोटो एकाच पोत्यात भरले, आणि ते पोतं अजून पुरतं सोडवलं गेलेलं नाही.

आता हाउसमन.

१८८३ पासून लंडनच्या बेजवॉटर भागात, ८२ टॅलबट रोडला तो त्याचा मित्र मोझेस जॅक्सन आणि जॅक्सनचा भाऊ यांच्याबरोबर राहत होता. दोघे पेटंट ऑफिसात नोकरीला. जॅक्सन विज्ञानाचा, व्यायामपटू, सरळ स्वभावाचा, आणि त्याला हाउसमनसारखं काही वाटत नव्हतं. १८८५ मध्ये काहीतरी झालं. हाउसमन आठवडाभर बेपत्ता होता, मग वेगळीकडे राहायला गेला. १८८७ मध्ये जॅक्सन कराचीच्या नव्या सिंध कॉलेजचा प्राचार्य होऊन निघाला. हे वाचताना मी थबकलो. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेलं. म्हणजे कवितेतलं ते ‘आपल्यामधे आडवं घातलेलं जग’, त्याचं पलीकडचं टोक आमच्या इलाख्यात होतं. हाउसमनच्या रोजनिशीत जॅक्सनच्या बोटीचा प्रवास टिपलेला आहे, एकेक बंदर करत मुंबईकडे. भावना काही नाही. नुसतं बोट कुठवर आली. माझ्या वहीतही १९८६ च्या त्या पानावर विमानाची वेळ लिहिलेली आहे आणि मस्कतची वेळ आपल्यापेक्षा किती मागे, ते.

जॅक्सननं १८८९ च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडमध्ये येऊन लग्न केलं. हाउसमनला बोलावणं नव्हतं. ७ जानेवारी १८९० ची नोंद: त्याचं लग्न झाल्याचं कळलं. त्या नोंदीत जॅक्सनचं नाव नाही. नुसतं ‘तो’. पण ‘तो’. हाउसमननं रोजनिशीत ‘ती’ लिहिलं नाही.

१८९६ मध्ये त्यानं स्वतःचे तीस पौंड घालून ६३ कवितांचा पहिला संग्रह काढला, पाचशे प्रती. त्या पुस्तकातल्या काही कविता वाइल्डच्या मित्रानं, रॉबी रॉसनं, पाठ केल्या आणि तुरुंगात भेटीला गेल्यावर वाइल्डला म्हणून दाखवल्या. पुस्तक न्यायचं कसं, म्हणून डोक्यात नेल्या. वाइल्ड सुटल्यावर हाउसमननं त्याला एक प्रत पाठवली. वाइल्डला शिक्षा झाली त्या काळात त्यानं एक कविता लिहिली होती. एका पोराला बेड्या घालून नेताहेत, लोक मुठी उगारताहेत, आणि त्याचा गुन्हा काय, तर केसांचा रंग. ती कविता त्यानं हयातीत छापली नाही. माझ्या वाचनगटातली कविताही नाही. ती १९३६ मध्ये, तो वारल्यावर, त्याच्या भावानं छापली.

भाऊ म्हणजे लॉरेन्स हाउसमन, तोही लेखक, आणि तोही पुरुषांवर प्रेम करणारा. त्याच्या हाती त्या रोजनिश्या आल्या. शेकोटी त्याच्याही घरी होती. त्यानं १९४२ मध्ये त्या ब्रिटिश म्युझियमच्या हवाली केल्या आणि पंचवीस वर्षं उघडू नका म्हणून सांगितलं. पंचवीस वर्षं संपली १९६७ मध्ये. त्याच वर्षी जुलैत इंग्लंडमध्ये दोन सज्ञान पुरुषांच्या खाजगीतल्या संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का निघाला. गॉसच्या हातात काडी, लॉरेन्सच्या हातात कुलूप. दोघांनाही माहीत होतं आपण काय धरलंय.

जॅक्सन पुढे कॅनडात स्थायिक झाला आणि तिथंच १९२३ च्या जानेवारीत वारला. तो आजारी आहे हे कळल्यावर हाउसमननं दुसरा संग्रह घाईनं पुरा करून छापला आणि त्याला धाडला. रुग्णालयातून जॅक्सनचं शेवटचं पत्र आलं, पेन्सिलीनं लिहिलेलं, अगदी फिकं. ते पुसलं जाईल या भीतीनं हाउसमननं त्या अक्षरांवरून शाई फिरवली. केंब्रिजचा लॅटिनचा प्राध्यापक, युरोपात दरारा असलेला, टेबलाशी बसून मित्राचं वेडंवाकडं अक्षर गिरवतोय. बालवाडीतलं पोर गिरवतं तसं.

इंग्रजांनी त्यांचा कायदा आपल्याकडे ठेवून दिला होता. मेकॉलेच्या हाताखाली १८३७ मध्ये मसुदा झाला, १८६० मध्ये दंडसंहिता झाली, १८६२ पासून ३७७ कलम लागू. तिकडे १९६७ मध्ये जे सुटलं ते इकडे ६ सप्टेंबर २०१८ ला. त्या दिवशी गुरुवार होता. मी ऑफिसात होतो. शेजारच्या टेबलावरच्या मुलानं मोबाइलवर वाचून दाखवलं. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रांनी लिहिलंय की इतिहासानं या लोकांची माफी मागायला हवी. मी जिन्यावर जाऊन उभा राहिलो. मस्कतहून तो केव्हाच परत आला होता, नाशिकला असतो, मुलीचं लग्नही झालं. मला त्याला फोन करावासा वाटला. केला नाही.

या जूनमध्ये वाचनगटात पुन्हा माझी पाळी आली. तीच कविता मी पुन्हा घेतली. आधी बऱ्याच पळवाटा शोधल्या. ‘आवडणं जास्त झालं’ असं करून पाहिलं, म्हणजे लिंगच नको. ‘एक माणूस आवडलं’ असं नपुंसकलिंगी करून पाहिलं. मराठीत ‘चांगलं माणूस आहे’ म्हणतोच की आपण. ‘आपण आवडलात’ असंही एकदा लिहिलं. कान नाही म्हणत होता. ती कविता एका पोराची दुसऱ्या पोराला आहे, तिथं ‘तू’च हवं आणि ‘तू’चं क्रियापदही.

वाचायला उभा राहिलो तेव्हा घसा कोरडा पडला होता. ‘तू मला जरा जास्तच आवडलास,’ असं म्हटलं आणि पुढच्या पंधरा ओळी एका दमात वाचल्या. कुणी लगेच काही बोललं नाही. पंखा फिरत होता.

आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ काकू, पंच्याऐंशीच्या पुढच्या, त्या सगळ्या झेरॉक्स तारखेनुसार फाइलला लावून ठेवतात. त्यांनी पिशवीतून फाइल काढली, गेल्या वर्षीचा कागद शोधला, चष्मा वर सरकवून पाहिलं.

‘इथं लीस आहे,’ त्या म्हणाल्या.

‘हो. चूक माझी होती.’

‘पेन दे.’

मी दिलं. थरथरत्या हातानं त्यांनी वेलांटी खोडली, काना दिला, आणि कागद परत फाइलला लावला.